मुंगीची पकड

अंगानं किरकोळ, पण स्वतःपेक्षा जड ओझी उचलायची, म्हणून लॉन्ड्रीतल्या बायकांनी तिला मुंगी नाव ठेवलं होतं. मशीनमधून ओल्या चादरी ओढून काढायच्या आणि ट्रॉलीत भरायच्या, हे तिचं दिवसाचं काम. संध्याकाळी ती गॅरेजवरच्या तालमीत जायची. तिथं ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं असं सगळं एकत्र शिकवत. आईवडलांमागं तिला वाढवणाऱ्या ताईला मात्र हे मुळीच पटत नव्हतं. "मुंगीला पंख फुटले की तिचं काय होतं, ठाऊक आहे ना?" ती म्हणायची.

मुंगीही काही कमी भित्री नव्हती. पैसे घेऊन लढायची पहिलीच वेळ, आजूबाजूला जाळीचा पिंजरा आणि तोंडाला कोरड. समोरची खाली पडली, आणि ती उठेल या धास्तीनं मुंगी पंचांनी ओढून काढेपर्यंत ठोसे मारत राहिली. लोक म्हणाले, काय हिंमत! वस्ताद हळूच म्हणाले, "पळायला वाट नव्हती म्हणून जिंकलीस."

दुसरी लढत होती एका बसड्रायव्हर मुलीशी. उंचीमुळं तिला सगळे शिडी म्हणत. मुंगीनं मागून तिच्या गळ्याभोवती हात टाकला आणि आवळला. हरणारीनं हातानं थापटलं की सोडायचं, असा नियम. थाप येईना. पंच दुसऱ्या बाजूला होते. अचानक शिडीचं सगळं अंग तिच्यावर लोळागोळा होऊन पडलं. मुंगी हात सोडून किंचाळली. शिडीचे डोळे उघडे होते, पण नजर हरवलेली होती. एक पाय झटके देत होता. डॉक्टर धावले. पंचांनी विजयाचा म्हणून तिचा हात वर केला, तेव्हा मुंगी शिडीकडेच बघत होती.

दवाखान्यात ती जिन्याजवळ अंग चोरून उभी राहिली. बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "तुझंही कुणी आत आहे का, पोरी?"

ते शिडीचे वडील होते. मुंगी कशीबशी "हो" म्हणाली.

"बस मग. माझी आता बोलायला लागलीय. तुझंही माणूस बोलेल."

ती बसली नाही. तिथूनच घरी पळाली.

त्यानंतर तिला स्वतःच्याच हातांची भीती वाटू लागली. सरावात कुणाचा गळा धरला की मिठी सैल पडायची. पुढच्या लढतीत तेच झालं. हाती आलेला गळा निसटला, आणि समोरचीचं कोपर नाकावर बसलं. नाक मोडलं, लढतही गेली. ताई कापूस बदलता बदलता म्हणाली, "बरं झालं. आता पुरे कर." मुंगीनं मान डोलावली, आणि तिला हायसंही वाटलं.

सामान आणायला ती तालमीत गेली, तर तिथं शिडी उभी.

"चल, माझा गळा धर."

"वेड लागलंय का तुला?"

"त्या दिवशी मला थापटता आलं असतं. हरायचं नाही म्हणून मी हट्टाला पेटले होते. त्याची शिक्षा तू का भोगतेस? धर म्हणते ना."

मुंगीनं धरलं. थाप पडली, तिनं सोडलं. पुन्हा धरलं, पुन्हा थाप. दोघी घामाघूम होईस्तोवर हेच चाललं. वस्ताद कोपऱ्यात बसून थापा मोजत होते.

चौथ्या लढतीला ताई आली, पण सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून बसली. गळा हाती आला, तेव्हा मुंगी रडायच्या बेतात होती. तरी तिनं आवळला. थाप पडताच इतक्या घाईनं सोडला, की समोरची तोंडावर आपटली आणि लोक हसले. मुंगी तिच्यावर ओणवी होऊन विचारत राहिली, "श्वास येतोय ना? नीट येतोय ना?"

"येतोय गं बाई," ती कण्हत म्हणाली, "आधी माझ्या हातावरचा गुडघा काढ."