फक्त बघायचं

साल दोन हजार पंचवीस. मला एकाहत्तरावं चालू होतं. शाळा चौथीपर्यंत, पण उचगावात केबलची पहिली तार खांबावर मी ओढली, कुणालाही विचारा. पुढं त्याच वाटेनं नेट आलं आणि धंदा पोराकडं गेला. पोरगा इंजिनिअर. त्यानं मला मोबाईलवर दोनच गोष्टी शिकवलेल्या, गिऱ्हाइकाचा राउटर बंद-चालू करायचा आणि लाइन तोडायची. मला तेवढ्या पुरत होत्या.

त्या वर्षी त्यानं सगळ्या राउटरांच्या सेटिंगा एका एआय एजंटाच्या हाती दिल्या. लाइन मंद झाली की तो आपोआप बघणार, आपोआप दुरुस्त करणार.

"नव्या गड्याला पहिल्याच दिवशी तिजोरीची किल्ली देत्यात व्हय?" मी विचारलं.

"आबा, त्यो गडी न्हाय."

"मग तर द्यायचीच न्हाय."

ऐकलं नाही.

आमची एक रीत होती. दूध घालायच्या वेळेला डेअरीच्या लाइनीला हात लावायचा नाही. माप, फॅट, सगळं नेटवरून जातं. ही रीत यंत्राला कुणी सांगितलीच नव्हती. एका सकाळी एजंटाला डेअरीची लाइन मंद दिसली. त्यानं सेटिंग बदलली, राउटर बंद केला, आणि तो परत काही चालू होईना. रांग रस्त्यावर आली. लोक पोराकडं गेले नाहीत, माझ्या दारात आले. एक बाई किटली आपटून म्हणाली, "आबा, दूध नासलं तर तुमच्या उंबऱ्यावर आणून वतू व्हय?" मागनं कोणतरी बोललं, "म्हाताऱ्याला झेपंना आता." चूक यंत्राची, झेपंना मला.

दुपारी पोरानं राउटर कसाबसा चालू केला. उद्या दूध झाल्यावर नवा बसवतो म्हणाला. संध्याकाळी जेवायला बसल्यावर मोबाईल माझ्यापुढं धरला.

"कुलूप घातलंय बघा. एजंट आता नुसतं बघणार, काय बदलायचं ते सुचवणार. मी हो म्हटल्याबिगर हात लावणार न्हाय."

बरं वाटलं. तेवढ्यात त्या यादीत एजंटाच्या खाली माझं नाव दिसलं. त्याच्यापुढंही तेच, फक्त बघणे.

"हे काय?"

"गेल्या म्हैन्यात चौकातल्या पानपट्टीवाल्याची लाइन तुम्ही तोडलासा."

"तोडली. माझ्याच खांबाखाली बसून मला शिव्या देत हुता."

"मला विचारलासा?"

"तुला कशाला विचारू, लेका? तू पाळण्यात हुतास तवा..."

"त्येच म्हणतोय. ते यंत्र आता विचारतंय तरी."

सून भाकरी वाढत होती. तिनं मान खाली घातली. हसत होती की काय, मी बघितलं नाही. ताट सारलं आणि उठलो. सगळं काढून घेतलं असतं तर चाललं असतं. पण मला त्या एजंटाच्या पंगतीला बसवलं, तेही त्याच्या खालच्या पाटावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध सुरू व्हायच्या आधी ट्रंकेतलं जुनं पितळी कुलूप काढलं आणि डेअरीवर गेलो. भिंतीवरच्या ज्या लोखंडी पेटीत राउटर असतो, तिला ते घातलं, किल्ली करदोट्याला बांधली आणि पायरीवर बसलो. दूध संपल्यावर पोरगा नवा राउटर घेऊन आला. पेटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"किल्ली कुठाय?"

"नीट विचार," मी म्हटलं.