मामांचा हात

आमचे मामा आधी मारायचे आणि मग विचारायचे, "तू कोनाचा रे?" कौंडण्यपूरच्या आसपास वर्धेच्या काठानं वांगी-टमाटर लावणारी माळ्यांची घरं पुष्कळ, पण 'थापड्या माळी' म्हटलं की लोकांचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे जायचा. उंची बेताची, मान आखूड. उजवा हात मांडीवर शांत पडलेला असला, तरी शेजारी बसलेला माणूस थोडा सरकून बसे.

स्वतःच्या लग्नात त्यांनी फोटोवाल्याला मारलं होतं. तो दोनदा "हसा" म्हणाला, एवढाच त्याचा गुन्हा. पुढे परतवाड्याहून येताना जीपवाल्यानं मामीला मागच्या फळीवर लटकत उभं केलं, तेव्हा मामांनी पुढे हात घालून त्याला चालत्या जीपमधून ओढलं. जीप बाभळीवर गेली. आतल्या सगळ्यांना लागलं, मामीचं तर कपाळ फुटलं. ती म्हणाली, "अजी, मलेच पाडलं तुमी." मामा म्हणाले, "त्याले पाडाचं होतं. तू मंधात आली." त्यांना पश्चात्ताप होत नसे असं नाही, पण तो नेहमी उशिरा पोचायचा. "माहा हात माह्या आंधी निंगते," असं ते एखाद्या खोडकर बैलाबद्दल सांगावं तसं सांगायचे.

तो हात एकदा मामीवरही निघाला. मामांचं ज्याच्याशी भांडण होतं, त्या शेजाऱ्याला तिनं वांग्याची थोडी रोपं दिली होती. थापड अशी बसली की कानातलं निसटताना पाळी फाटली. मामी रडली नाही. तिनं कान धुतला, पातेलं, पीठ आणि स्टोव्ह टोपल्यात घातला आणि नदीवर जाऊन नावेत बसली. नाव म्हणजे जुनी लाकडी होडी. पूल झाल्यावर नावाड्यानं ती मामांना देऊन टाकली होती आणि मामा तिच्यातून पल्याडच्या गावांना भाजी न्यायचे. सांज होईपर्यंत मामा काठावर उभे राहून शिव्या देत होते. मामीनं एकदाच उत्तर दिलं, "जमिनीवर मी तुमच्यासंगं नाई राहत. इथं याचं असन तं या. पाण्यावर हात उचलाचा नाई."

शेवटी भूक लागली तेव्हा मामा मुकाट्यानं नावेत चढले. मामीनं त्यांच्या हातात दोर दिला. "हे धरा. हात कामात राहू द्या."

हे सगळं मला मामीनंच सांगितलं, पोळ्या लाटता लाटता, दुसऱ्या कोणाची गोष्ट असावी तसं.

मी नांदगाव पेठेतल्या कपड्याच्या कारखान्यात शिवणकामाला लागले, तोवर त्या दोघांचं अर्धं आयुष्य नावेत जात होतं. सुट्टीच्या दिवशी मी स्कूटी काढून त्यांच्याकडे जायची. खालच्या धरणाचं पाणी तुंबून नदी चांगली रुंद झाली होती. मामीनं जुनं धोतर आणि कापसाच्या पोत्यांचं कापड जोडून शीड शिवलं होतं. सकाळी वाडीतलं काम उरकायचं आणि दुपारपासून पाण्यावर. मामा शिडाचा दोर धरून बसायचे, मामी त्यांच्या पाठीला पाठ लावून तूर सोलायची. चहा व्हायचा, तो संपायचा, पुन्हा व्हायचा. मी विचारायची, "मामा, कोठी चाललो आपन?"

"वारं नेईन तिकडं. नाई नेलं तं इथीच."

कार्तिकातल्या यात्रेत सगळं गाव देवळाकडे लोटायचं, तेव्हा ही दोघं नाव मधोमध थांबवून लांबूनच भजन ऐकत बसायची. मामांचा आवाजही पाण्यावर वेगळा व्हायचा. एखादा बगळा शेजारून गेला तर ते दबक्या आवाजात मामीला दाखवायचे. आणि संध्याकाळी काठाला लागून पाय चिखलात पडला, की ज्याच्या म्हशी धक्क्यावर आडव्या उभ्या असतील त्याच्या कानाखाली आवाज निघायचा. "काय करू बाई," ते मला म्हणायचे, "जमीन लागली का डोस्कं फिरते."

एका हिवाळ्यात मी नावेत होते म्हणून जे झालं ते डोळ्यांनी पाहिलं.

दुपारची वेळ होती. वारं मेलं होतं म्हणून आम्ही काठाजवळच्या उथळ पाण्यात थांबलो होतो. पलीकडून पत्र्याच्या डोंग्यात तिघं जण आले. त्यांतला मोठा दिन्या, मामांनी एकदा बाजारात बदडलेला. विहिरी फोडायच्या सुरुंगाच्या कांड्या पाण्यात टाकून ते मासे मारत होते. पहिला बार झाला तेव्हा पोटात कोणी लाथ मारावी तसं झालं. पाण्याचा खांब उठला, नाव उचलून आपटली आणि उकळता चहा मामीच्या पायावर सांडला. मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले, बोटाएवढी पिल्लंसुद्धा.

मामांची मान फुगली. मामी पाय दाबत म्हणाली, "अजी, पाण्यावर हाओ आपन."

आयुष्यात पहिल्यांदा मी मामांना आधी बोलताना ऐकलं. "पोरंहो, पिल्ले सारे मरून राहिले ना! दुसरीकडं जा बाप्पा!"

ते तिघं हसले. दुसरा बार मुद्दाम आमच्याजवळ टाकला. नावेची एक फळी तडकली, मी तोंडावर पडले. मामा दोर धरून बसलेलेच. मग त्या तिघांचा डोंगा आमच्या नावेला येऊन भिडला. "काहून रे थापड्या, आता नाई उठत काय हात?" म्हणत दिन्यानं वल्हं उगारलं. मामांच्या डोक्यावर यायचं ते. मामी मध्ये उभी राहिली आणि ते तिच्या कानावर बसलं. ओलं लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला.

मामांनी दोर सोडला.

ते डोंग्यात नुसते पडलेच. डोंगा उलटला. एकाचं नाक त्यांनी कोपरानं फोडलं, दुसरा पोहत पळाला. पाणी छातीइतकं होतं. दिन्याचे केस धरून मामांनी त्याचं डोकं खाली घातलं आणि तसंच धरून ठेवलं. मी ओरडत होते. सर्वांत भीती वाटली ती मामांच्या चेहऱ्याची. त्यावर राग नव्हताच, रोप लावताना माती दाबावी तसे ते दाबत होते. दिन्याचे हात पाणी बडवत होते, मग हळू झाले.

मामी उठली. मानेवरून रक्त पदरात उतरलेलं. "अजी, सोडा! मरून जाईन तो!" मामांना ऐकूच गेलं नाही. तेव्हा तिनं आमचं वल्हं दोन्ही हातांनी उचललं आणि मामांच्या उजव्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. हात सुटला. दिन्या वर आला, पाणी ओकत. मामीनंच त्याला कॉलरला धरून नावेच्या कडेला लावलं.

मामा लोंबणाऱ्या हाताकडे बघत म्हणाले, "मले मारलं तू?"

"हाव. मारलं." तिनं पदर कानावर दाबला. "नियम मीच तोडला. चला आता दवाखान्यात."

तक्रार कोणी केली नाही. स्फोटकांचं प्रकरण दिन्याच्या अंगावर आलं असतं आणि बुडवण्याचं मामांच्या. मामीचा डावा कान कायमचा गेला आणि मामांचं मनगट वाकडं जुळलं, मूठ वळेना. "आता तरी शांत झाले असान," असं कोणी म्हटलं तर मामा म्हणायचे, "डावा हाये ना." पण बाजारात ते कौतुकानं सांगायचे, "बुढीचा हात माह्याहून भारी पडते." फळी बसवून नाव पुन्हा पाण्यात गेली. फरक इतकाच, की मामा आता तिच्या उजव्या बाजूला बसायचे, कारण त्यांना आता हळू बोलायला आवडायचं आणि तिला तेवढ्याच कानानं ऐकू येत होतं.

गेल्या पावसाळ्यात मामी तापानं गेली. साधा ताप म्हणून अंगावर काढला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. तिरडी बांधून झाली तेव्हा अंगणातली माणसं एकदम मागे सरली. फाटकात दिन्या उभा होता.

मामा उठले. कोणी त्यांना अडवलं नाही, तशी कोणाची छातीच नव्हती. त्यांनी डाव्या हातानं दिन्याच्या तोंडात अशी मारली की त्याचा ओठ फुटला. दिन्या हलला नाही. रक्तही पुसलं नाही. मामा धापा टाकत त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिनं राखलं म्हून तू हायेस. घे खांदा."

दिन्यानं पुढचा दांडा घेतला, मामांनी त्याच्या मागचा. मीही घाटापर्यंत गेले. उतरणीवर चिखल होता. दिन्याचा पाय घसरला आणि मामांचा हात एकदम त्याच्या पाठीकडे गेला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा हात तिथेच होता. त्या वाकड्या मनगटानं मामांनी त्याला सावरून धरलं होतं, आणि दोघं पाण्याकडे उतरत होते.