गिटारवरचा वरणभात

बाबांच्या लाडक्या जपानी बँडला गायक नाही. गिटार, कीबोर्ड, बेस, ड्रम्स. चाळीसेक वर्षं नुसतं वाजवताहेत. जाझ फ्यूजन म्हणतात त्याला. आमच्या लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घरात मात्र त्याला शब्द होते. लहानपणी मी जेवताना फार छळायचे, तेव्हा आई त्यांच्या एका धावत्या चालीवर गायची, "वरण भात, तूप मीठ, लिंबू पिळ, लिंबू पिळ." बाबा वैतागायचे. "अगं, ह्याला शब्द नसतात! सोलो ऐकू दे." आई मुद्दाम आवाज चढवायची आणि मी हसता हसता घास गिळायचे.

आई गेली आणि बाबांनी सगळ्या सीडी कपाटात टाकल्या. घर इतकं गप्प झालं की फ्रिजची घरघर ऐकू यायची. त्याच सुमारास बँडचा कीबोर्डवालाही वारला. ड्रमर कधीच बदलला होता, बेसवाला सोडून गेला होता. जुन्यातला राहिला एकटा म्हातारा गिटारवाला. "आता तो बँड उरला नाही," बाबा म्हणाले. ते फक्त बँडबद्दल बोलत नव्हते, एवढं मला कळत होतं. बाबा डोळ्यांदेखत विझत चालले होते आणि मी धास्तावले होते.

म्हणून बँड लंडनला येतोय कळल्यावर मी त्यांना न विचारताच तिकिटं काढली.

"वेस्ट ऑफ टाइम आहे," ट्यूब ट्रेनमध्ये बाबा कुरकुरले. "कीबोर्डला कुणी नवीन पोरगी घेतलीये म्हणे."

"तुम्ही प्लीज ऐका तरी, बाबा. नाही आवडलं तर इंटरव्हलला निघू."

सुरुवातीला ते हाताची घडी घालून बसले होते, परीक्षक असल्यासारखे. मग ती चाल आली. सोलोत त्या नव्या मुलीने जुन्या कीबोर्डवाल्याची नक्कल केली नाही, स्वतःचं वाजवलं. म्हातारा गिटारवाला बाजूला उभा राहून कौतुकाने ऐकत होता. चाल परत सुरू झाली तशी शेजारून पुटपुट ऐकू आली. बाबा डोळे मिटून गात होते, "वरण भात, तूप मीठ..." पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. बाबांनी आवाज चढवला.

मला रडू आवरेना. "बाबा, ह्याला शब्द नसतात," मी कशीबशी म्हणाले.

"गप गं," ते म्हणाले. "आईचं गाणं ऐकू दे."