हात सोडायचा नाही

माझ्या रूममेटला आम्ही ‘चौकशी खिडकी’ म्हणायचो. दिसेल त्याला प्रश्न. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मॅडमनी निबंध दिला : ‘लोक आपल्या पेशाकडे कसे बघतात?’ आम्ही ‘उदात्त सेवा’ लिहून मोकळ्या झालो. ही मात्र वही घेऊन आठवडाभर दारोदार. किराणावाला म्हणाला, देवदूत. हिने विचारलं, “देवदूतांना तोंडी परीक्षा असते का?” एक शेजारीण म्हणाली, “डॉक्टर व्हायला जमलं नाही वाटतं?” सख्ख्या मावशीने बेडपॅनचं नाव काढून नाक मुरडलं. तेही हिने तारखेसकट लिहून घेतलं. माझं डोकं फिरलं. हिला आपली गंमत.

शनिवारी तिचे बाबा हॉस्पिटलात आले ते नर्सिंग सोडवून दुसऱ्या कॉलेजात घालायचा फॉर्म घेऊनच. फक्त हिची सही बाकी होती. हिला जायचं नव्हतं, पण बाबांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

“वॉर्डच्या दारातून बघत होतो,” बाकावर बसत बाबा म्हणाले. “मिनिटभर त्या आजोबांचा हात धरून नुसती घड्याळ बघत होतीस. एवढ्यासाठी वर्षं घालवायची? लोक काय म्हणतात, ठाऊक आहे?”

“वहीत आहे सगळं. बाबा, तुमचे श्वास मोजू?”

बाबांनी छाती फुगवली आणि कवायतीला उभं केल्यासारखे श्वास घ्यायला लागले. मला हसू आवरेना.

“राहू द्या. नाडीच बघते.” तिने मनगट धरलं. बाबा फॉर्म चाळत बसले.

“नाडी अठ्ठ्याहत्तर. श्वास सोळा.”

“श्वास कधी मोजलेस?”

“आत्ताच. अर्धं मिनिट नाडी, अर्धं मिनिट छाती. सांगून मोजले की माणसाचे श्वास बदलतात. म्हणून नाडी मोजून झाली तरी हात सोडायचा नाही. आजोबांचंही तेच चाललं होतं.”

बाबांनी फॉर्म बाकावर ठेवला. मग म्हणाले, “न सांगता आणखी काय काय बघतेस?”

चौकशी खिडकीवर पहिल्यांदाच कोणी चौकशीला आलं होतं.

“तुमचा डावा पाय सुजलाय. त्या बुटाची लेस सोडून ठेवलीत. आईला सांगितलं नसणार.”

बाबांनी पाय बाकाखाली ओढला. मग हळूच विचारलं, “कुणाला दाखवू?”

फॉर्म मी उचलून ठेवला. त्यांनी तो परत मागितला नाही.