बिल्ल्याची गाडी पुढे

दिवसभर बसून काम करणाऱ्याने दमलो म्हणावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. माझे वडील नगरच्या बाजारात हमाल. पाठीवरची गोणी खाली उतरली म्हणजे माणूस दमला, असा आमच्या घरातला हिशेब. त्यामुळे पुण्याला इंटरच्या वर्गात असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एका पेढीवर बसलो आणि पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी जेवायला उठण्याचंही त्राण उरेना, तेव्हा ते कुणाला सांगायची मला लाज वाटली.

पेढी मिरजगावच्या पुढे, निजामाच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. आमच्या बाजूला इंग्रजांचा मुलूख, पलीकडे निजामाचा, आणि मधे आडवा वासा टाकलेला नाका. नगरहून निघालेलं कापड, काच, लोखंड, काहीही त्या वाशापलीकडे गेलं की त्यावर जकात बसे. तिकडे तिला करोडगिरी म्हणत. ती जागेवर भरावी लागे, नाहीतर कुणालातरी जामीन राहावं लागे, की हा माणूस माल विकून जकात भरील आणि त्याने नाही भरली तर मी भरीन. आमचे शेठ असे जामीन राहत. नाक्यावर त्यांची अनामत ठेवलेली होती. त्यांची हमीचिठ्ठी दाखवली की माल सुटे. त्याबद्दल ते थोडं कमिशन घेत.

शेठच्या गोण्या माझ्या वडिलांनी वर्षानुवर्षं वाहिल्या होत्या, म्हणून मला हे काम मिळालं. पहिल्या दिवशी शेठनी मला ओसरीवर उभं केलं आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे वर्षभरापूर्वी दुसरी पेढी उघडली होती. म्हणाले, "चिठ्ठी तोही देतो, आपणही देतो. दर तोच. मग माणसानं इकडं का वळावं?" त्यांनी ओसरीच्या कोपऱ्यातला रांजण दाखवला. "ह्याच्यासाठी."

तर माझं काम म्हणजे तो रांजण. गाडी वळताना दिसली की उठायचं, गूळ-पाणी पुढे करायचं, बैलांना कडबा टाकायला सांगायचं, घरची चौकशी करायची. 'थांबा' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असा शेठचा हुकूम होता. चिठ्ठीला वेळ लागणार असला तरी 'टेका जरा' म्हणायचं आणि लिंबाखालची खाट दाखवायची. दुपारपर्यंत माझे गाल दुखायला लागत. येणारा प्रत्येक जण धुळीने माखलेला, उन्हाने चिडलेला; त्यातल्या प्रत्येकाला मी पहिल्यांदाच बघतोय अशा आनंदाने बघायचं. वडिलांना गोणीकडे बघून हसावं तरी लागत नव्हतं.

जुन्या गिऱ्हाइकांसाठी आणखी एक गोष्ट होती. जो लागोपाठ तीन दसरे आमच्याकडेच चिठ्ठी करी, त्याला तिसऱ्या दसऱ्याला आपट्याच्या पानांबरोबर एक पितळी बिल्ला मिळे. तो गाडीच्या पुढच्या फळीवर ठोकायचा. बिल्ल्याच्या गाडीत चोरून काही नेलेलं नसतं हे नाक्यावरच्या लोकांना ठाऊक झालं होतं. त्यामुळे ते ती गाडी रांगेतून पुढे बोलावत आणि वरवर बघून सोडत. बाकीच्या गाड्या उन्हात उभ्या. दिवस मावळला की वासा पडे, मग राहिलेल्यांनी अलीकडेच मुक्काम करायचा. लोक चिठ्ठीसाठी नव्हे, बिल्ल्यासाठी आमच्याकडे टिकत, असं मला वाटतं.

ज्या दिवसाबद्दल मी लिहितोय त्या दिवशी शेठ नगरला गेले होते आणि पेढी दिवाणजींच्या ताब्यात होती. दिवाणजी म्हणजे शेठचे जुने कारकून. वाईट माणूस नव्हता, पण शेठ असताना जे नियम सैल असत ते शेठ नसताना ते आवळून धरत. खाटेवर एक लोखंडाचे व्यापारी पडले होते. नांगराचे फाळ, चाकांवर चढवायच्या धावा, बादल्या असा माल घेऊन महिन्यातून एकदा ते पलीकडे जात. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. त्यांच्या गाडीवरचा बिल्ला इतका जुना होता की त्यावरची अक्षरं पुसून गेली होती.

"कॉलेज," ते मला हाक मारायचे ती अशीच, "ह्यो गूळ हाय का डांबर?"

"गूळच आहे, मामा."

"मग दाताला का चिकटतोय? तुझ्या शेठला म्हनावं, गिऱ्हाईक टिकवायचं हाय, तोंड न्हाई चिकटवायचं."

एवढ्यात एक गाडी वळली. हाकणारी बाई होती, म्हणून खाटेवरचे सगळे बसते झाले. मागे पेंढ्यात बसवलेल्या पेट्या, वर फडकं. मी तिला ओळखलं नाही, मामांनी ओळखलं. पलीकडच्या एका गावच्या मनियाराची ती बायको. नवरा बांगड्या न्यायला नगरला येई, आणि गावोगाव बायकांच्या हातात त्या भरायला ही त्याच्याबरोबर हिंडे. थंडीत नवरा गेला होता. नवऱ्यामागे घरातच काढायची चार महिन्यांची इद्दत सरली तशी ती पहिल्यांदाच एकटी बाहेर पडून माल घेऊन आली होती.

मी गूळ-पाणी दिलं. पाणी पिऊन तिने पदराची गाठ सोडली आणि बिल्ला काढून माझ्यापुढे धरला. चिंच लावून घासलेला. नवा असताना तरी इतका चकाकत होता की नाही कोण जाणे.

"ह्यो त्यांचा," ती म्हणाली. "त्यांच्या नावचा. मानूस गेल्यावर ज्याचं त्याला द्यावं. गाडीवरनं काढून आनलाय. बेटा, आता माझ्या नावची चिठ्ठी लिहून दे. उद्या सकाळी पाटलांच्या पोरीचा चुडा भरायचा हाय."

मी बिल्ला दोन्ही हातांनी घेतला. दिवाणजींनी तो माझ्याकडून घेऊन भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला आणि चष्मा वर सरकवला.

"बाई, बिल्ला जमा झाला. आता तुम्ही नवीन गिऱ्हाईक. नव्या माणसाला चिठ्ठी द्यायची तर आमची दोन जुनी गिऱ्हाइकं मागं उभी राहिली पाहिजेत. शेठचा नियम आहे."

"नवीन?" ती म्हणाली. "आवो, ह्या लिंबाला पार न्हवता तवापास्नं येतो आमी."

"ते यायचे."

"मी काय मागं पेटीत बसून यायची?"

खाटेवर कुणीतरी हसलं. दिवाणजी हसले नाहीत. आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुम्ही फळीवर तसाच ठेवून आला असतात तर मी मान वर करून पाहिलंही नसतं. पण हातात आणून दिल्यावर मी काय करू?"

हे ऐकून तिचा चेहरा उतरला. रागाने नव्हे. आपण योग्य तेच केलं आणि त्यानेच आपलं काम अडलं, हे मनात शिरायला वेळ लागतो, तेवढा वेळ ती पदराची सुटलेली गाठ चाचपत होती. मग तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की आज दिवस मावळायच्या आत वाशापलीकडे गेलं नाही तर उद्या पाटलांच्या घरी आष्टीचा मनियार येऊन चुडा भरील. आणि लग्नाचा चुडा ज्याने भरला, त्याचंच ते गाव. मग संक्रांत त्याची, नागपंचमी त्याची, बाळंतिणीच्या बांगड्या त्याच्या. नवऱ्याची सात गावं. एक सुटलं की बाकीची बघतच असतात.

हे खाटेवरच्या कुणालाही समजावून सांगायची गरज नव्हती. प्रत्येकाची अशीच गावं होती. तरी कुणी पुढे होईना. कारण मागं उभं राहायचं म्हणजे आपला बिल्ला पणाला लावायचा. तिने जकात चुकवली तर उभं राहणाऱ्याचा बिल्ला काढून घेतला जाई. एक जण उगाच उठून बैलाची वेसण तपासायला गेला. दुसऱ्याने डोळ्यांवर पटका ओढला. त्यांच्यावर रागवावं असं मला वाटलं नाही. सगळे दमलेले होते.

"मी एक," मामा खाटेवरूनच म्हणाले.

"दोन लागतात," दिवाणजी म्हणाले.

"मग दुसरा तुमी व्हा. तुमच्या घरच्या मालकिनीच्या हातातल्या बांगड्या काय आष्टीवाल्यानं भरल्यात?"

दिवाणजींचे कान लाल झाले. "मी नोकर आहे, मामा. गिऱ्हाईक नाही."

मीही नोकरच होतो. हे मी मनात म्हटलं आणि रांजणावरचं झाकण पुन्हा नीट बसवलं, ते नीटच होतं तरी.

ही बोलाचाली पलीकडे ऐकू जात असावी. समोरच्या पेढीचा मालक, पानाने ओठ रंगलेला तरुण माणूस, हातात तांब्या घेऊन रस्ता ओलांडून आला. आमच्या ओसरीच्या पायरीपाशी थांबला, वर चढला नाही. तेवढं तो पाळत असे.

"भाभी, पाणी घ्या. आमच्याकडं एक माणूस पुरतो. मामा हो म्हणतायत ना? तेवढं बास. चला."

"पाणी प्याले मी," ती म्हणाली. तिने खिळ्यावरच्या बिल्ल्याकडे एकदा पाहिलं, दिवाणजींकडे पाहिलं आणि बैलांचे कासरे उचलले.

"मामा," दिवाणजी म्हणाले, "तुम्ही तिकडच्या चिठ्ठीला उभे राहणार? शेठना काय सांगू?"

"सांगा, म्हातारा गुळाला कंटाळला."

तिला चिठ्ठी मिळाली. पण समोरच्या पेढीचे बिल्ले नव्हते, त्यामुळे तिची गाडी नाक्यावर शेवटी जाऊन उभी राहिली. आमच्या ओसरीवरून नाका दिसे. मी बसल्या जागेवरून गाड्या बघत होतो. पुढे कापसाच्या सरकीच्या, मग कौलांच्या, आणि सगळ्यांच्या मागे ती पेट्यांची गाडी. कौलांची गाडी नाक्यावाल्यांनी पूर्ण उतरवायला लावली. ऊन पिवळं झालं. मामांची चिठ्ठीही तोवर झाली होती. त्यांनी बैल जुंपले आणि कुरकुरत निघाले. त्यांची गाडी दिसताच शिपायाने लांबूनच हात करून त्यांना पुढे बोलावलं. रांगेतल्या गाड्यांनी सवयीने वाट दिली. मामा वाशापर्यंत गेले.

मग ते खाली उतरले. शिपायाशी काहीतरी बोलत होते, हात उडवत होते. ओसरीवर ऐकू येत नव्हतं, पण शिपाई एकच बोट वर करून मान हलवतोय एवढं दिसलं. मामांनी बैल वळवले आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागून मनियारणीची गाडी हळूहळू पुढे आली, सगळ्यांच्या बाजूने, आणि मामांच्या जागी उभी राहिली. रांगेतला एक गाडीवान ओरडला. मामा त्याच्यावर दुप्पट ओरडले. पेट्यांवरचं फडकं शिपायाने उचललं, वाकून पाहिलं, परत टाकलं. वासा वर गेला. ती पलीकडे गेली.

मामा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्यापुढे अजून दोन गाड्या असतानाच दिवस बुडाला आणि वासा पडला.

ते परत आमच्याकडेच मुक्कामाला आले. बिल्ल्याचं गिऱ्हाईक, त्यामुळे कडबा, भाकरी, खाट सगळं द्यावंच लागलं. दिवाणजींनी स्वतः ताट आणून ठेवलं आणि आत गेले. मी विचारलं, "मामा, तुमचा उद्याचा बाजार चुकला की."

"लोखंड हाय ते," ते म्हणाले. "नासतंय व्हय?" मग थोड्या वेळाने, "गूळ आन. डांबरच आन, पन आन."

शेठ दुसऱ्या दिवशी सकाळीच, मामा निघायच्या आत आले. मला वाटलं मामांवर चिडतील. ते चिडले दिवाणजींवर, तेही फार नाही. "नियम मी केला तो आपल्या गिऱ्हाइकानं समोर जाऊ नये म्हणून," एवढंच म्हणाले. खिळ्यावरचा बिल्ला त्यांनी काढला आणि मामांच्या हाती तिच्याकडे पाठवला. पुढच्या खेपेला मामांनी तो परत आणून दिला. तिने ठेवून घेतला नव्हता.

सुट्टी संपायला आली होती तेव्हा ती पुन्हा आली. गाडी समोर वळली. समोरच्या पेढीला झाड नव्हतं. ती गाडीच्याच सावलीत बसली. मी बराच वेळ नुसता बघत राहिलो. मग तांब्या भरला, गुळाचा खडा घेतला आणि रस्ता ओलांडला.

"टेका जरा, चाची," मी म्हणालो. ती टेकलेलीच होती.

ती पाणी प्यायली. "भरला चुडा," तिने न विचारता सांगितलं. "हिरवा. पोरीचं मनगट एवढंसं, दोन बांगड्या फुटल्या."

"बिल्ला परत का पाठवलात?"

"त्यो त्यांचा हुता. एकदा दिला तो दिला." तिने समोरच्या मालकाकडे मान हलवली. "आता ह्यो पन दसऱ्याला देनार हाय म्हनं. तीन दसरे. तवर कोन ऱ्हातंय, कोन न्हाई." गुळाचा खडा तिने बघितला आणि पदरात बांधला. "पानी तुमचंच गार हाय, बेटा."

मी रिकामा तांब्या घेऊन परत आलो. दिवाणजींनी चष्म्यावरून पाहिलं. "कॉलेजवाले, समोरच्याच्या गिऱ्हाइकाला आपलं पाणी?"

मी तांब्या रांजणाशी ठेवून बसलो, तेवढ्यात एक गाडी आमच्याकडे वळली. मी उठलो.