गेटाअलीकडचा चौक

भरल्या काळी-पिवळीत ड्रायव्हरशेजारी बसून मी एकदा मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, “दवाखान्याच्या गेटापाशी थांबव, भाऊ. आपल्याले दोघांलेबी उतराचं हाये.” साऱ्या नोकरीत माझ्या हातून एक इंजेक्शन चुकलं नाही, पण हे वाक्य असं टोचलं की त्याची सूज अजून उतरलेली नाही. तेव्हा मी पन्नाशीतली, म्हणजे पोरगीच होते. स्वतःला फार हुशार समजायचे. आता नातवंडं मला हुशार समजतात. पण ती अजून लहान आहेत.

तो ड्रायव्हर परतवाडा-अमरावती रस्त्यावर काळी-पिवळी चालवायचा. त्याचं नाव सांगणार नाही. एकदा तोंड उघडून पाहिलंय, तेवढं पुरे. असे ड्रायव्हर तुम्हीही पाहिले असतील. कोपर खिडकीबाहेर, मान मागच्या गिऱ्हाइकाकडे आणि गाडी कशी कोण जाणे पण सरळ. निघायच्या आधी तो बोनटवर दोन थापा मारायचा, म्हशीच्या पाठीवर माराव्यात तशा. गाडी गच्च भरली तरी म्हणायचा, “अजून दोन बसतात न बाप्पा. साऱ्यायनं जरा श्वास अंदर घ्या.” आणि लोक घ्यायचे.

आमचं आरोग्य केंद्र त्याच रस्त्यावर. मी तिथली नर्सबाई, रोज त्याच्याच गाडीनं जाणार-येणार. पुढची सीट माझी राखीव. कोणी बसलं तर तो सांगायचा, “उठा जी, बाई सुई घेऊन आल्या.”

एका पावसाळ्यात त्याचा ताप हटेना. डॉक्टरांनी इतर तपासण्यांबरोबर एचआयव्हीचीही करायला सांगितली. बोटाला टोचून थेंबभर रक्त, बाकी काही नाही. पुढे पक्की तपासणीही झाली. त्याला ते सांगायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या केंद्रात दार लागणारी खोली एकच, लसींच्या फ्रिजची. तिथे त्याला उभा करून सांगितलं. त्यानं ऐकलं, फ्रिजवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, “पन ताप तर उतरला न, बाई.”

“ताप उतरला. आजार रक्तात हाये. अमरावतीले जा, गोळ्या सुरू कर. रोज घेशीन तर बुढा होऊन मरशीन.”

“गाडी आवाज नाही करून राहिली,” तो म्हणाला, “तर बोनट कावून उघडाचं?”

हे त्याचं पेटंट वाक्य झालं. दर आठवड्याला मी पुढच्या सीटवर बसून विचारायची आणि तो समोर पाहत तेच म्हणायचा.

तपासणी आमच्या दारात आणि गोळ्या अमरावतीत, अशी तेव्हाची रीत. बैठकीत साहेब विचारायचे, तपासलेली माणसं गोळ्यांपर्यंत पोचत का नाहीत? कोणीतरी म्हणायचं, अंतर जास्त आहे. सगळे माना डोलवायचे, मीही डोलवायची, चहा यायचा. माझा रुग्ण तर त्या दवाखान्यावरून रोज जायचा. हॉर्न वाजवत जायचा.

मग त्याला उतरायला काय होत होतं? मी एकदा चिडून विचारलं. गाडीत त्या दिवशी आम्ही दोघंच होतो.

“तुमाले नाही समजाचं, बाई,” तो म्हणाला. “गेटाच्या अलीकडं चौक हाये न, तिथं पाहात जा. एक म्हनते कापड घ्याचं हाये. एक म्हनते साडूकडं जाऊन राहिलो. उतरते, पानठेल्यापाशी उभं राहते आन गाडी पुढं गेली का चालत दवाखान्यात जाते, ह्याच गोळ्यायसाठी. मी आरशात पायतो. कोनाले सांगत नाही, पन मले मालूम हाये. मी उतरलो त मंग त्यायलेबी मालूम होईन.”

“होऊ दे न. ते काय तुले हासतीन?”

“हासनार नाहीत. पन रोज माह्याच गाडीत बसतीन न.”

त्यानंतर बैठकीसाठी अमरावतीला जाताना मी पाहायला लागले. इतर प्रत्येक थांब्याचं नाव तो गळा फाडून पुकारायचा. त्या चौकात मात्र मुकाट ब्रेक लावायचा. कोणी सांगण्याआधीच गाडी थांबलेली. उतरणाऱ्याकडे न बघता तो रेडिओ कमीजास्त करत बसायचा. सगळे उतरेपर्यंत त्याला गाणं काही सापडायचं नाही.

घरी त्यानं सांगितलं नव्हतं. मी म्हणायची, बायकोचीही तपासणी करावी लागेल. तो म्हणायचा, “लागन न.” एवढंच. तो इतका गोड नकार द्यायचा की मला वाटायचं, होच म्हणाला.

हिवाळ्यापर्यंत त्याची पँट पट्ट्यात गोळा व्हायला लागली. तेव्हा माझ्यातली हुशार पोरगी जागी झाली. मी बेत केला. म्हणायचं, माझी साखर तपासायची आहे, चक्कर येते, जरा आतपर्यंत सोबत चल. एकदा आत नेला की काउन्सेलरच्या हवाली करायचा. रात्रभर मी ते वाक्य घोकलं. सकाळी रजा टाकून अमरावतीला निघाले. गाडी भरलेली, चौक जवळ आलेला, आणि माझ्या तोंडून साखर आलीच नाही. चक्करही आली नाही. आलं ते नुसतं, “आपल्याले दोघांलेबी उतराचं हाये.”

मागे कोणीतरी खोकलं आणि ते अर्ध्यावर सोडलं.

त्यानं गाडी थांबवली नाही. चौकात नाही, गेटापाशीही नाही. मागे दोन बाया बसल्या होत्या, त्यांना चौकातच उतरायचं होतं हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं. त्यांनीही “थांबवा” म्हटलं नाही. आम्ही सगळे गुपचूप बसस्टँडपर्यंत गेलो. एका वाक्यात मी तीन माणसांना दवाखान्याबाहेर ठेवलं. कुलूप लावूनही जमलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून मला त्याच्या गाडीत जागा नव्हती. पुढची सीट डोळ्यांदेखत रिकामी, आणि तो म्हणायचा, “फुल हाये, बाई.” मी एसटीनं जायला लागले, रोज उशीर, रोज डॉक्टरांची बोलणी. मी ती आनंदानं खाल्ली असं म्हटलं तर खोटं होईल. मनात त्याला शिव्याच दिल्या. भलं सांगायला गेले तर हे फळ, असंही म्हटलं. आपली चूक पचायला वेळ लागतो, शिळ्या पुरीसारखी ती वर वर येत राहते.

तो आला तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. तोंडाला रुमाल, चार पावलांत धाप. विचारल्यावाचून फ्रिजच्या खोलीत जाऊन उभा राहिला.

“बाई,” तो म्हणाला, “आवाज येऊन राहिला.”

मी रागवायचं ठरवलं होतं. जमलं नाही. म्हटलं, “अमरावती राहू दे. अकोल्याले जाऊ.”

“तिथं मले कोनी ओळखत नाही न?”

“तिथं तुले कुत्रंबी ओळखत नाही.”

अकोटवरून एसटीनं गेलो. जन्मभर गाडी चालवलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसला की बघण्यासारखा असतो. प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. मला म्हणाला, “ह्या मानसाले गेअर टाकता येत नाही, आन सरकारी पगार खाते.” तेवढं बोलून त्याला पुन्हा खोकल्याची उबळ आली.

तिथल्या काउन्सेलरनं विचारलं, घरातलं कोण सोबत आहे? त्यानं माझ्याकडे बोट केलं. “मावशी हाये.” काउन्सेलर मला म्हणाली, “मावशी, रोज गोळ्यांची आठवण द्याल ना?” मी म्हटलं, “मी याच्या मागंच लागून राहतो. विचारा त्याले.” तो हसला. ते त्याचं शेवटचं हसू नसेल. मी पाहिलेलं शेवटचं.

पण गोळ्या त्या दिवशी मिळाल्या नाहीत. आधी थुंकीची तपासणी. मग छातीचा फोटो. टीबी निघाला, मग आधी टीबीच्या गोळ्या, त्या अंगी लागल्या की मग ह्या. त्यामागे कारण होतं, मी नर्स, मला ते पाठ होतं. पण एसटी स्टँडच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसलेल्या माणसाला ते समजावताना माझं मलाच पटेना. तो म्हणाला, “एवढे थांबे घेतले असते त माही गाडी अमरावतीले कधी पोचलीच नसती, बाई.”

अखेर गोळ्या हातात आल्या. त्यानं डबीवर दोन थापा मारल्या. गोळ्यांनी काम सुरू केलं. पण काम करायला अंगात फार काही उरलं नव्हतं. मृगाच्या आधी तो गेला.

पुढचं मला त्याच्या बायकोनं सांगितलं. जायच्या काही दिवस आधी त्यानं तिला रिकाम्या गाडीत बसवून अमरावतीला नेलं. कसा चालवत गेला असेल, कोण जाणे. चौकात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि बोट दाखवून म्हणाला, “थे गेट हाये. तुले तिथं जा लागते. मले जाचं होतं तवा मी गेलो नाही.” आणि मग सगळं सांगितलं. ती रडली का, हे मी विचारलं नाही. आठवड्याच्या आत तिनं तपासून घेतलं. तिच्याही रक्तात निघालं. गोळ्या लगेच सुरू झाल्या, आणि आजही ती मला उचलून फेकील अशी धट्टीकट्टी आहे.

मी रिटायर झाले. ज्या साखरेची थाप मारायची होती, ती आता खरीच निघाली आहे. देवाला विनोद कळतो. परवा तपासायला त्याच दवाखान्यात निघाले होते. त्याची गाडी केव्हाच विकली गेली. आता दुसऱ्याची काळी-पिवळी, तशीच गच्च भरलेली. माझ्या शेजारी त्याची बायको. चौक आला आणि ड्रायव्हरनं मुकाट ब्रेक लावला. ही सवय यानं कुणाकडून घेतली, मला माहीत आहे. मीही सवयीनं पिशवी उचलली. मला काय लपवायचं होतं, साखर?

तिनं माझं मनगट धरून मला खाली बसवलं आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “चौकात नको, भाऊ. उन्हाचं एवढं चालत कोन जाईन? दवाखान्याच्या गेटापाशी थांबव, आमाले दोघींलेबी उतराचं हाये.”