फोन येईपर्यंत राजवाडा

बहिणीने सकाळी एवढंच सांगितलं की मुलांना राजवाडा दाखवून आण, आणि मी फोन केल्याशिवाय परत येऊ नकोस. घरात तिचं आणि भावोजींचं ठरायचं होतं, एकत्र राहायचं की नाही ते. त्यासाठीच मी रजा टाकून मुलुंडहून बडोद्याला आले होते. भांडणात मध्ये पडणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून मुलं माझ्याकडे.

राजवाडा फार लवकर संपायला लागला. तलवारी झाल्या, हत्तीची झूल झाली, पेंढा भरलेला बिबळ्या झाला. वेळ काढायला मी प्रत्येक पाटी पूर्ण वाचत होते. जिकडेतिकडे मखमली खुर्च्या आणि प्रत्येकीपुढे दोरी. बसायला मात्र काही नाही. पहारेकऱ्याने मला दोनदा बजावलं, तुमच्या मुलाला काचेपासून लांब ठेवा. तो माझा भाचा आहे हे सांगायचाही कंटाळा आला.

राणीच्या शयनगृहात भाचा थांबला. तो पाच वर्षांचा आहे. राजाचा पलंग कुठाय, असं त्याने विचारलं. पलीकडच्या दालनात, मी म्हटलं.

"कट्टी होती त्यांची?"

"नाही रे," त्याची नऊ वर्षांची बहीण म्हणाली. "त्यांच्याकडे खोल्या जास्त होत्या. आपल्याकडे नाहीत ना, म्हणून बाबा सोफ्यावर झोपतात."

मी पुढची पाटी वाचायला घेतली. एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

शेवटी बाहेर झाडाखाली बाक मिळाला. भाचा माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपून गेला. बहिणीचा फोन आलाच नाही, मेसेज आला. ये आता. ते गेले त्यांच्या आईकडे, बोरिवलीला. सामान घेऊन.

भाचीने फोनकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"बाबा आहेत घरी?"

खोटं बोलायचं तर पुढची चार उत्तरंही तयार ठेवावी लागली असती. तेवढं त्राण नव्हतं.

"नाही गं."

तिने मान हलवली. बुटाची लेस सोडून परत बांधली. मग हळू आवाजात म्हणाली, "मावशी, याला आत्ता नको सांगूस. रिक्षात रडेल. घरी गेल्यावर मी सांगते."

मी सांगेन, असं मी म्हटलं.

"नको. तू पण रडशील."

मी भाच्याला खांद्यावर घेतलं. झोपेत तो फार जड लागला. माझी पर्स तिने उचलली, आणि रिक्षावाल्याला पत्ताही तिनेच सांगितला.